चार तास पन्नास मिनिटं

माझं काम कागदावरचं आहे. एका मोठ्या धुलाई कारखान्यात कोणी कधी यायचं, कधी जायचं आणि कुठल्या जागेवर उभं राहायचं, हे मी ठरवते. बायका तोंडावर मला बाई म्हणतात आणि पाठ वळली की वेळापत्रकबाई म्हणतात, हे मला चांगलं ठाऊक आहे. म्हणोत बापड्या. दारासमोरच्या भिंतीवरचा तो मोठा तक्ता माझ्या हातचा आहे आणि तो पहिल्यांदा लावला त्या दिवशी मी चारदा उठून त्याच्याकडे बघून आले होते. आता त्याच्यासमोरून जाताना मी मान खाली घालते.

आमच्याकडे दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी येतात. त्या धुवून, पिळून, ओलसर असतानाच गरम रुळात घालतात. एकावर एक फिरणारे दोन लोखंडी रूळ, वाफेने तापलेले, एकेक माणसाच्या कमरेएवढा जाड. पुढे दोन बायका उभ्या राहून चादरीची टोकं रुळाच्या तोंडात देतात. मागे दोघी उभ्या असतात. कोरडी, कडक झालेली चादर बाहेर आली की त्या ती पकडून घडी घालतात आणि गठ्ठा रचतात. रुळाच्या तोंडाशी एक लाल पट्टी आहे. तिला बोट लागलं की यंत्र जागच्या जागी थांबतं. पुढे उभ्या राहणाऱ्या बाईला पहिल्या दिवशी एवढं एकच शिकवतात, की कापड हातात धरायचं, हाताला अडकवायचं नाही.

पूर्वी सगळ्या बायका पूर्ण दिवसाच्या होत्या. दुपारी अर्धा तास यंत्र बंद व्हायचं, स्टुलं ओढून सगळ्या डबे उघडायच्या आणि तेवढ्यात रूळ गार पडायचा. तो पुन्हा तापायला वीस मिनिटं लागायची. साहेबांना ती वीस मिनिटं खुपायची. मग मीच नियमांची जाडी वही काढून त्यातली वाट शोधली. पाच तासांपेक्षा कमी काम करणाऱ्या माणसाला बसायची सुट्टी देणं बंधनकारक नव्हतं. मी दिवसाचे दोन तुकडे केले. सकाळी सात ते अकरा पन्नास, दुपारी बारा ते चार पन्नास. प्रत्येक तुकडा चार तास पन्नास मिनिटांचा. मधल्या दहा मिनिटांत सकाळच्या बाहेर, दुपारच्या आत, आणि रूळ फिरताच. स्टुलं माळ्यावर गेली. सकाळच्यांना निळे अंगरखे दिले, दुपारच्यांना पिवळे, म्हणजे दारावरच्या काकांना बिल्ला वाचायचा त्रास नको. पूर्ण दिवसाच्या खुर्च्या दोनच उरल्या, एक साहेबांची आणि एक माझी.

अर्धा दिवस काम सगळ्यांनाच जाचतं असं नाही, हे मला आजही म्हणायचं आहे. मूल शाळेत सोडून येणाऱ्या कितीतरी जणींना ते सोयीचं होतं. पण अर्ध्या माणसाला आजारपणाची रजा नव्हती. महिन्यात तीन गैरहजेऱ्या झाल्या की तक्त्यावरून नाव जायचं. आणि एकीने दोन्ही तुकडे करायचे नाहीत हा नियम तर मी लाल शाईने लिहिला होता. दोन्ही केले की बाई पूर्ण दिवसाची ठरते, मग सुट्टी आली, रजा आली, स्टूलही खाली उतरवावं लागतं.

सकाळच्या घडीवर थोरली असायची, दुपारच्या घडीवर धाकटी. दोघी सख्ख्या बहिणी, आणि एका घरातल्या दोन भावांना दिलेल्या, त्यामुळे जावाही. थोरलीचा नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, धाकटीचा पाठीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेला. सासू एकच, पण ती दोघींना पुरून उरते, असं थोरली हसत सांगायची. घरात मिळून चार मुलं. सकाळी थोरली कामावर, तेव्हा धाकटी मुलांकडे बघायची, आणि दुपारी उलट. अकरा पन्नासला दोघी दारात समोरासमोर यायच्या. थोरली निळा अंगरखा काढता काढता दूध तापवून ठेवलंय की नाही विचारायची, धाकटी पिवळ्याची नाडी बांधता बांधता मान हलवायची. दिवसात दोघींची भेट तेवढीच व्हायची.

थोरलीचा हात डावा. तिची घडी बघण्यासारखी असायची. चादर रुळातून आली की ती तिचं टोक डाव्या मनगटाला एक वेढा देऊन पक्कं करायची, उजव्या हाताने दुसरं टोक खेचायची आणि मग झटक्यात घडी पडायची. चुणी नावाला सापडायची नाही. मागच्या बाजूला चादर मोकळीच असते, तिथे मनगटाला वेढा दिला तरी बिघडत नाही. नव्या बायकांना मी थोरलीजवळ उभं करून दाखवायचे, बघा, घडी अशी घालायची असते. तिच्या गठ्ठ्याची बंद कड डावीकडे यायची. धाकटीच्या गठ्ठ्याची उजवीकडे, आणि मधे थोडी सैल. फळीवर दोघींचे गठ्ठे शेजारी लागले की आंधळ्यालाही फरक कळला असता.

पावसाळा संपता संपता धाकटीला खोकला लागला. वाफेत उभं राहून कधी ना कधी सगळ्यांनाच लागतो, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. मग एका सोमवारी ती आली नाही. मंगळवारीही नाही. थोरली अकरा पन्नासला माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाली की धाकटीच्या फुप्फुसात पाणी झालंय, डॉक्टरांनी दोन महिने घरी राहायला आणि वाफेपासून लांब राहायला सांगितलंय. मी तिला नियम सांगितला. तो तिला माहीत होता. बुधवारी तिसरी गैरहजेरी लागणार हेही माहीत होतं. ती मान हलवून गेली.

बुधवारी बारा वाजता धाकटी हजर झाली. पिवळा अंगरखा, डोक्याला फडकं, वाफेसाठी नाकातोंडावर बांधलेलं कापड. काकांनी रंग बघितला आणि आत सोडलं. मी हजेरीपुढे खूण केली आणि मनात म्हटलं, बघा, नियम सांगितला की आजार कसा पळतो. असे विचार तेव्हा माझ्या मनात सहज यायचे.

चारनंतर मी फळ्यांवरून फिरते, गठ्ठे बघते. त्या दिवशी दुपारच्या फळीपाशी येऊन थबकले. सगळे गठ्ठे घट्ट होते, एकसारखे, आणि बंद कड डावीकडे.

मी मागे वळून बघितलं नाही. रुळामागे पिवळ्या अंगरख्यात कोण उभं आहे ते बघायची गरजच नव्हती. ती सकाळी सातपासून उभी होती आणि अजून पन्नास मिनिटं उभी राहणार होती.

दुसऱ्या दिवशी अकरा पन्नासला मी मुद्दाम माझ्या खिडकीशी उभी राहिले. खिडकी मागच्या गल्लीत उघडते. निळ्या अंगरख्यांचा घोळका पुढच्या दाराने बाहेर पडला आणि पांगला. थोरली एकटी कारखान्याला वळसा घालून गल्लीत आली. कोळशाच्या खोलीआड तिने निळा अंगरखा काढला, पिशवीतून पिवळा काढून घातला, फडकं बदललं, बिल्ला बदलला. मग भिंतीला टेकून पावाचे चार घास घेतले, नळाला तोंड लावून पाणी प्यायली, तोंडावर कापड बांधलं आणि पुन्हा वळसा घालून पुढच्या दाराकडे गेली. बारा वाजायला एक मिनिट कमी होतं. हे सगळं नऊ मिनिटांत झालं आणि त्यात एकदाही ती खाली बसली नाही.

मी का गप्प बसले, हे मला स्वतःला पुष्कळदा विचारावं लागलं आहे. त्या वेळी मी स्वतःला सांगितलं की मी दोघी बहिणींच्या पोटावर पाय देत नाही, मी उपकारच करते आहे. ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं असं की दुपारची घडी इतकी सुबक कधीच लागली नव्हती, आणि माझ्या तक्त्यावर एकही जागा रिकामी नव्हती. भरलेला तक्ता बघून मला बरं वाटायचं. बायकांना कळलं नसेल असं तर मुळीच नाही. त्या तर तिच्या शेजारी उभ्या राहायच्या. पण कोणी तोंडातून ब्र काढला नाही आणि मीही काढला नाही.

भीती एकाच माणसाची होती. साहेब तरुणपणी स्वतः घडीवर उभे राहिलेले. गठ्ठा बघून मी हात ओळखतो, असं ते नेहमी म्हणायचे आणि ते खरंही होतं. म्हणून चार वाजता फळ्यांवरून फिरताना मी एक गोष्ट करू लागले. दुपारच्या फळीवरचा एकेक गठ्ठा उचलायचा, अर्धा फिरवायचा आणि परत ठेवायचा. बंद कड उजवीकडे जायची. सुरुवातीला चोरी केल्यासारखी मी आधी दाराकडे बघून घ्यायचे. आठवड्याभरात सवय झाली, आणि मग तेही माझ्या कामाचाच भाग असल्यासारखं मी ते करू लागले.

तीन आठवडे गेले. थोरलीचे पाय सुजू लागले. ती चपलांचे पट्टे मोकळे सोडून उभी राहायची. सकाळी हसायची, दुपारी कोणाशी बोलायची नाही. एकदा मी तिला दुपारी रुळामागे बघितलं, डोळे उघडे होते आणि हात चालत होते, पण मी समोरून गेले तरी नजर हलली नाही. शेजारणीने कोपराने ढोसलं तेव्हा ती दचकली. मी पुढे निघून गेले.

मग एका शुक्रवारी ती अकरा पन्नासला माझ्याकडे आली. निळ्या अंगरख्यात होती. टेबलाच्या कडेला दोन्ही हात टेकून उभी राहिली, जरा वाकूनच.

"बाई, एक विचारू का?" ती म्हणाली. "मधली दहा मिनिटं आहेत ना, दोन पाळ्यांच्या मधली, ती वीस होतील का?"

मी विचारलं, तुझं तर काम संपलं, तुला कशाला हवीत वीस मिनिटं. असं विचारायला नको होतं, हे शब्द बाहेर पडतानाच मला कळलं.

"माझ्यासाठी नाही," ती शांतपणे म्हणाली. "धाकटीसाठी म्हणते. घरून येईपर्यंत तिला धाप लागते. आल्यावर जरा टेकायला मिळालं असतं तर बरं झालं असतं."

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत होतो. तिला माहीत होतं की मला माहीत आहे. एक शब्द पुरला असता. मी स्टूल खाली उतरव म्हटलं असतं, किंवा आज दुपारी धाकटी आली नाही तरी मी हजेरी लावते, जा घरी, असं म्हटलं असतं, तरी चाललं असतं. मी वर तक्त्याकडे बघितलं. दहाची वीस करायची तर दुपारचा तुकडा दहा मिनिटं सरकतो, माल नेणाऱ्या ट्रकच्या वेळा सरकतात, सगळा तक्ता नव्याने लिहावा लागतो. मी तिला तेच सांगितलं. तक्ता एकदा लागला की असा मधेच बदलता येत नाही गं, म्हटलं.

ती म्हणाली, बरं. आणि घड्याळाकडे बघून घाईने गेली, कारण माझ्याशी बोलण्यात तिची चार मिनिटं गेली होती. त्या दिवशी मी खिडकीशी गेले नाही. तिला पाव खायला वेळ मिळाला नसणार.

पुढच्या सोमवारी दुपारच्या पाळीतली रुळापुढची एक बाई काम सोडून गेली. पुढची जागा नव्या बाईला देता येत नाही, तिथे यंत्र ओळखणारी लागते. मी तक्ता समोर घेतला आणि दुपारची नावं वाचली. सगळ्यांत अनुभवी नाव धाकटीचं होतं. चार वर्षं तिने याच रुळावर काढलेली, पूर्वी पुढेही उभी राहिलेली. कागदावर ते नाव अगदी चपखल बसत होतं. मी ते मागच्या रांगेतून खोडलं आणि पुढच्या रांगेत लिहिलं.

लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर धाकटी होती, हे मी शपथेवर सांगेन. ते नाव लावून दुपारी येते ती दुसरीच आहे, तिने सात वर्षं फक्त मागेच काम केलंय आणि त्या वेळी ती पाच तासांची उभी असते, हे मला तेव्हा आठवलं नाही. इतके दिवस गठ्ठे फिरवून फिरवून मी स्वतःलाच फसवलं होतं. माझ्या लेखी सकाळी थोरली यायची आणि दुपारी धाकटी.

मंगळवारी दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी यंत्राचा आवाज बदलला. ओरडण्याचा आवाज आला नाही. बायका नंतर सांगत होत्या की ती ओरडलीच नाही, नुसती रुळाकडे ओढल्यासारखी झुकली. शेजारणीने लाल पट्टी दाबली. यंत्र थांबलं, पण रूळ थांबायच्या आत हात कोपरापर्यंत गेला होता. पट्टीला तिचं बोट लागलंच नव्हतं, कारण चादर पट्टीच्या वरून गेली आणि चादरीबरोबर हात. चादरीचं टोक डाव्या मनगटाला गुंडाळलेलं होतं. एक वेढा, पक्का, मागे घडी घालताना द्यायची तसा. सात तासांनंतर तिला आपण पुढे उभ्या आहोत की मागे, याचं भान उरलंच नसावं. हातांनी त्यांना येत होतं ते केलं.

मी धावत गेले तेव्हा दोघी-तिघी तिला धरून बसल्या होत्या. महिन्याभरात पहिल्यांदा ती त्या दुपारी खाली बसली होती. तोंडावरचं कापड सुटलं होतं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, मी धाकटी." पुन्हा म्हणाली, "धाकटीच आहे मी, हं बाई." मला रडू कोसळलं. मी म्हटलं, हो, हो, माहीत आहे.

तिला दवाखान्यात नेल्यावर साहेबांनी मला खोलीत बोलावलं. अपघाताचा कागद टेबलावर होता. कोणाला लागलं, कुठल्या यंत्रावर, किती वाजता, हे मी भरलं. नाव धाकटीचं लिहिलं, कारण बिल्ला धाकटीचा होता. पुढे एक ओळ होती. कामावर हजर झाल्यापासून अपघातापर्यंत गेलेला वेळ. माझी लेखणी तिथे अडली.

साहेब खिडकीशी उभे होते. बाहेर बघत म्हणाले, "बारापासून धरा. दोन तास वीस मिनिटं."

मी लिहिलं. अक्षर नीट आलं. कागदावर एक ताजीतवानी बाई होती, घरून जेवून आलेली, सव्वादोन तास काम केलेली, आणि तिचा स्वतःचा हलगर्जीपणा होता. नियमात कुठे काही चुकलं नव्हतं.

"आणि बाई," साहेब म्हणाले, "ते गठ्ठे फिरवणं आता बंद करा. कड फिरवली तरी आतली घडी फिरत नाही. मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं." आवाज चढलेला नव्हता. उन्हाळ्यात पंखा जरा हळू करा म्हणावं, तसा होता. "आता तपासणीला माणसं येतील. हजेरीवर जे नाव आहे, फळीवर तोच हात दिसला पाहिजे. तेवढं बघा. नाहीतर तुमची खुर्चीही दोघींत वाटावी लागेल."

मला वाटत होतं की मी इतके दिवस त्यांच्यापासून लपवत होते. आम्ही दोघं एकच गोष्ट लपवत होतो, आणि त्यांनी माझ्याहून नीट लपवली होती.

बुधवारी सकाळी मी कागद घेऊन दवाखान्यात गेले. जखमी व्यक्तीची सही हवी होती. लांबलचक व्हरांड्यात बाकावर धाकटी बसली होती, शाल लपेटून, गालफडं बसलेली. शेजारी सासू. मी लांबूनच तिचा खोकला ओळखला. आत थोरली गुंगीत होती. डावा हात कोपरापासून काढावा लागला होता. तिच्या पायथ्याशी बदलायच्या चादरी ठेवल्या होत्या, आमच्याच कारखान्याच्या. बंद कड डावीकडे होती. मी तिथे फार वेळ उभी राहू शकले नाही.

बाहेर येऊन मी कागद धाकटीपुढे धरला. तिने नाव वाचलं आणि सही केली. सही अगदी अस्सल होती, तिची स्वतःची. सासू शून्यात बघत म्हणाली, एकीचा हात गेला आणि दुसरीच्या नावावर लागला, आता ही जन्मभर दोन हातांनी काय म्हणून जगणार.

मी निघाले तेव्हा धाकटी दारापर्यंत आली. दोनदा थांबून श्वास घेतला.

"बाई, ताईची सकाळची जागा?" तिने विचारलं.

मी तिला नियम सांगितला. आज एक, उद्या दोन. परवा शुक्रवारी तिसरी. तोंडातून ते इतकं सहज गेलं की मी बोलून झाल्यावरच थांबले. ती म्हणाली, बरं. अगदी थोरलीसारखं म्हणाली.

शुक्रवारी सकाळी सातला थोरली हजर होती. निळा अंगरखा, डोक्याला फडकं, नाकातोंडावर कापड. अंगरखा खांद्यांवर ढगळ होत होता. काकांनी रंग बघितला आणि आत सोडलं. मी हजेरीवर खूण केली.

आठ वाजेपर्यंत मी टेबलावरून उठले नाही. कापडाआडून येणारा खोकला वाफेच्या आवाजातही कळत होता, मी तो मोजत बसले होते. मग फळीपाशी गेले. सकाळचे पहिले गठ्ठे लागले होते. सैल, आणि बंद कड उजवीकडे. मी सवयीने एक गठ्ठा उचलला, अर्धा फिरवला, आणि साहेबांचं बोलणं आठवून तसाच हातात धरून उभी राहिले. मागे कोणीतरी आल्याचं कळलं. धाकटी होती. तिने काम शेजारणीवर सोडून मला गाठलं होतं.

"बाई, फिरवू नका," ती हळूच म्हणाली. "मला ताईसारखी घडी दाखवा. डाव्या हाताची. मी शिकेन."

मी तिला म्हणू शकले असते की घरी जा. ते वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं, खरंच आलं होतं. पण सोमवारी तपासणीची माणसं येणार होती. भिंतीवर माझा तक्ता होता, त्यात सकाळच्या घडीवर थोरलीचं नाव होतं, आणि पुढच्या आठवड्याच्या रकान्यात सकाळच्या रुळापुढे एक जागा रिकामी पडत होती.

मी तिला घेऊन रुळाच्या मागे गेले. वाफेतून एक चादर सरसरत बाहेर आली. मी तिच्या पाठीशी उभी राहिले, तिचा डावा हात माझ्या हातात घेतला. तो गरम होता, ताप असल्यासारखा. तिचा श्वास चालताना पाठ हलत होती, ते माझ्या छातीला जाणवत होतं. मग मी चादरीचं टोक उचललं, तिच्या डाव्या मनगटाभोवती एक वेढा दिला आणि तो पक्का झाला की नाही, हे ओढून बघितलं.